वहिनींची रिकामी यादी

अशी कल्पना करा, की तुम्ही एका कॉम्प्युटरपुढे बसला आहात आणि पडद्यावर एक काळी खिडकी उघडी आहे. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, फक्त एक लुकलुकणारी रेघ. तुमच्या कंपनीने क्लाउडवर, म्हणजे कुठेतरी दूर असलेल्या दुसऱ्याच्या कॉम्प्युटरांवर, एक खातं घेतलेलं आहे. त्या खात्याला वर्षानुवर्षं कोणी ना कोणी बाजारातून आणून जोडसेवा चिकटवल्या आहेत. एक मेसेज पाठवणारी, एक नकाशे दाखवणारी, एक नोंदी साठवणारी. ॲड-ऑन म्हणतात त्यांना. तुम्ही एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं आणि आज खात्याला काय काय जोडलेलं आहे त्याची यादी काढायची. एवढंच काम.

ओळ लहान आहे. तीत एक जादा शब्द घातला तर बाजारात मिळणाऱ्या सगळ्या ॲड-ऑनची यादी धो धो वाहत येते. तो शब्द गाळला तर फक्त तुमच्याकडे असलेल्यांची येते. तुम्ही तो गाळला. एंटर दाबलं. आणि काहीच आलं नाही.

‘काही सापडलं नाही’ असंही आलं नाही. लाल अक्षरात चूकही दाखवली नाही. रेघ एक ओळ खाली सरकली आणि पुन्हा लुकलुकायला लागली, जणू तुम्ही काही विचारलंच नव्हतं.

आता तुम्ही काय समजाल?

वहिनींनी कागदावर लिहिलं, ‘जुनं खातं. जोडलेलं काही नाही.’ खाली तारीख घातली, सही केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्या वेळी सकाळचे अकरा चाळीस झाले होते. वहिनींना ती वेळ आजही पाठ आहे.

वहिनींचं वय सेहेचाळीस. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत त्या सोळा वर्षं कामाला होत्या. कंपनीकडे साडेतीनशे इमारतींच्या लिफ्ट होत्या. प्रत्येक लिफ्टमध्ये एक छोटी पेटी बसवलेली असायची. लिफ्ट चालली, अडकली, दार नीट मिटलं नाही, आतून कोणी घंटा दाबली, हे सगळं ती पेटी क्लाउडवर कळवायची आणि तिथून मेसेज लिफ्ट मिस्त्रीच्या फोनवर जायचा. ही सगळी साखळी सांभाळायचं काम वहिनींचं. ऑफिस एका टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. येणारा प्रत्येक पाहुणा यावर विनोद करायचा, पण धापा टाकत करायचा, त्यामुळे निम्मा विनोद जिन्यातच राहायचा.

नात्याने त्या ऑफिसातल्या एकीच्याच वहिनी. त्यांच्या नवऱ्याची धाकटी बहीण तिथे आधीपासून नोकरीला होती. तिनेच साहेबांच्या मागे लागून वहिनींना तिथे चिकटवलं. पहिल्या दिवशी ती दारातूनच ओरडली होती, “ही माझी वहिनी. हिला कोणी त्रास द्यायचा नाही. तो मी देणार!” सगळे हसले आणि तेव्हापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना वहिनी म्हणू लागले. वहिनी सासरच्या रीतीप्रमाणे धाकट्या नणंदेलाही ताई आणि अहोजाहो करत, म्हणून ती सगळ्या ऑफिसची ताई झाली. पहिली सात वर्षं दोघी एकाच स्कूटरवरून यायच्या. घरही एकच. खाली वहिनी आणि त्यांचा संसार, वर ताई, आणि सासूबाई सकाळी खाली, संध्याकाळी वर.

मग मुख्य प्रशासकाची जागा निघाली. खात्यांवर पूर्ण हक्क असलेला, यादीवर सही करणारा माणूस म्हणजे मुख्य प्रशासक. ताई जुनी, म्हणून तिलाच ती मिळणार असं सगळ्यांनी धरलं होतं. साहेबांनी वहिनींकडून तिच्याबद्दल लेखी मत मागवलं. वहिनींनी तीन वाक्यं लिहिली. ‘हुशार आहे. काम उत्तम येतं. घाई करते.’ तिन्ही खरी होती. साहेबांनी तिसरंच वाचलं असावं, कारण जागा वहिनींना मिळाली.

तो कागद साहेबांच्या टेबलावर उघडा राहिला आणि ताईने पाहिला. संध्याकाळी ती खाली आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “घाई करते होय मी? घाईघाईत तुला इथे आणलं, तीच एक घाई.” वहिनी काही बोलायच्या आत ती जिना चढून गेली. त्याला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

घरात त्याची सोय सासूबाईंनी केली होती, म्हणजे त्यांच्यावर ती येऊन पडली होती.

“आई, वरच्यांना सांगा, टाकी भरली. मोटर बंद करा म्हणावं.”

“आई, खालच्यांना सांगा, मला कान आहेत.”

“आई, त्यांना म्हणावं, कान आहेत तर हात कुठे गेले?”

सासूबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून म्हणायच्या, “अगं, दोघींना एकमेकींचं ऐकू येतंय. मग मला कशाला पोस्टमन करता?” पण मोटर बंद व्हायला त्यांचं म्हणणं लागायचंच. वहिनींचा नवरा या वेळी वर्तमानपत्राची घडी उलगडायचा. ती घडी त्याने नऊ वर्षांत नीट घातलेली कोणी पाहिली नव्हती.

ऑफिसात सासूबाई नव्हत्या. आणि तिथे अडचण वेगळी होती. क्लाउडच्या प्रशासनाची कामं कंपनीने एकाच मशीनवरून करायची ठरवली होती. ते कोपऱ्यातलं मशीन वहिनी आणि ताई दोघी वापरत. त्यावरच्या त्या काळ्या खिडकीतल्या साधनाची एक खोड असते. कंपनीची खाती तीन. एक जुनं, एक नवं, एक चाचणीचं. शेवटी ज्या खात्यावर तुम्ही ते साधन नेलं असेल, तेच ते लक्षात ठेवतं आणि पुढची प्रत्येक कमांड तिथेच मारतं. तुमच्यानंतर दुसरा कोणी येऊन बसला तरी. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात याचा बाऊ कोणी केला नसता. मीही दुसऱ्या एका कंपनीत हेच काम करते. आमच्याकडे उठताना माणूस ओरडतो, “अगं, मी चाचणीवर टाकलंय हं, बघून बस!” संपलं.

इथे ओरडणार कोण?

म्हणून वहिनींनी नियम केला, छापला आणि मशीनच्या वर भिंतीला लावला. ‘मशीन कायम ठरलेल्या खात्यावर ठेवावे. दुसऱ्या खात्यावर नेल्यास पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी लावून त्यावर खात्याचे नाव व वेळ लिहावी. काम झाल्यावर खाते पूर्ववत करून चिठ्ठी काढावी.’ ठरलेलं खातं तेव्हा जुनं होतं. म्हणजे चिठ्ठी नसली की जुनं. दोघींनी हा नियम सात वर्षं तंतोतंत पाळला. साहेबांना तो इतका आवडला की दुसऱ्या शाखेतल्या लोकांना ते तो कौतुकाने दाखवत. त्यामागे काय आहे हे माहीत असलेली माणसं तेव्हा खिडकीबाहेर बघत.

आता त्या सोमवारचं.

कंपनी जुनं खातं बंद करून सगळं नव्यावर नेत होती. दोन आठवडे ते चाललं होतं. वहिनी रोज यादी काढायच्या आणि ती रोज आखूड व्हायची. आधी नऊ ॲड-ऑन, मग सहा, मग चार. शुक्रवारी दोन उरले. ते दोन शनिवारी ताईने हलवायचे होते. शनिवारी वहिनींना सुट्टी होती.

सोमवारी साहेब आल्या आल्या म्हणाले, “वहिनी, आज मी जुनं खातं बंद करून टाकतोय. शेवटची यादी द्या.”

“देते.”

“रिकामी असेल ना?”

“असायला हवी. शनिवारी दोन जायचे होते.”

“गेले का?”

वहिनींनी ताईच्या टेबलाकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. ताई खालच्या गोदामात लिफ्टची पेटी आणायला गेली होती. ती तिथे असती तरी वहिनींनी विचारलं नसतंच. त्या साहेबांना म्हणाल्या, “यादीत दिसेलच.”

त्यांची एक सवय होती. यादी काढायच्या आधी त्या मशीनला एका ओळीत विचारायच्या, तू सध्या कुठल्या खात्यावर आहेस? मग दुसरी ओळ यादीची. त्या दिवशी त्यांनी पहिली ओळ टाइप केली नाही. पडद्याचा उजवा कोपरा बघितला. चिठ्ठी नव्हती. त्यांनी दुसरी ओळ टाइप केली.

मशीन चाचणीच्या खात्यावर होतं. चाचणीच्या खात्याला काहीही जोडलेलं नव्हतं.

शनिवारी ताईने दोनपैकी एक ॲड-ऑन हलवलं होतं. दुसरं अवघड होतं. चौदा जुन्या इमारतींमधल्या लिफ्टच्या घंटेचा मेसेज त्याच्यावरून जायचा. ते हलवण्याआधी चाचणीच्या खात्यावर करून बघायला हवं, असं ठरवून ती सोमवारी सकाळी मशीनवर बसली, खातं बदललं आणि पेटी आणायला खाली गेली. काम पद्धतशीर होतं. घाई अजिबात नव्हती.

साहेबांनी एक वाजता जुनं खातं बंद केलं. त्याच्याबरोबर ते शेवटचं ॲड-ऑनही गेलं.

सव्वादोन वाजता चौदांपैकी एका इमारतीत एक दातांची डॉक्टरीण दवाखान्यात जायला निघाली. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. तिने घंटा दाबली. लिफ्टच्या पेटीने ते कळवलं. ज्याला कळवलं ते आता नव्हतं. आत फोनला रेंज नव्हती. दुपारची वेळ, माणसं कामावर, राखणदार फाटकावर. तिने पुन्हा घंटा दाबली, पुन्हा दाबली, हाका मारल्या, मग हाका मारायचं सोडलं.

पावणेचार वाजता ताईची चाचणी पूर्ण झाली. आता खरोखरचं ॲड-ऑन हलवायचं म्हणून ती जुन्या खात्यावर जायला लागली. मशीन म्हणालं, असं खातं नाही. ताईने एकदा, दोनदा करून पाहिलं. मग ती जागेवरून उठून, कोणाकडेही न बघता, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “जुनं खातं कुणी मारलं? घंटा होती त्याच्यावर!”

पुढच्या पस्तीस मिनिटांत त्या खोलीत जे झालं ते वहिनी सांगताना पटापट सांगतात. ताई एका मशीनवर, वहिनी दुसऱ्या मशीनवर, दोघींनी मिळून चौदा इमारतींच्या घंटा नव्या खात्याला जोडल्या. तेव्हाही एकमेकींशी बोलल्या नाहीत. ताई मोठ्याने आकडे वाचायची, वहिनी ते टाइप करायच्या. चार वीसला शेवटची इमारत जोडली गेली आणि मिस्त्रीच्या फोनवर एकामागोमाग अकरा मेसेज येऊन आदळले. त्या पेटीने साठवून ठेवलेल्या सगळ्या घंटा. मिस्त्रीने ऑफिसला फोन करून विचारलं, “अहो वहिनी, हे काय, अकरा माणसं अडकली की काय?”

“एकच,” वहिनी म्हणाल्या. “पळा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः ऑफिसात आल्या. दोन मजले चढून आल्या, धापा टाकत, पण विनोद केला नाही.

“अकरा वेळा दाबली मी घंटा,” त्या दारातच म्हणाल्या. “अकरा. मोजल्यात. दोन तास वीस मिनिटं मी त्या डब्यात होते. शेवटी फरशीवर बसले. कोण बघतं इथे?”

साहेब पुढे झाले. “बाई, बसा. पाणी घ्या. तांत्रिक कारणाने…”

“तांत्रिक नको. माणसाचं नाव सांगा.”

वहिनी उठल्या. “मी.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही? तुम्ही काय करत होता तेव्हा?”

“मी यादी काढली होती. यादीत तुमची घंटा आली नाही. म्हणून मी लिहून दिलं की काही नाही.”

“आली नाही म्हणून नाही? माझ्याकडे पेशंट ‘आता दुखत नाही’ म्हणतो, म्हणून मी दात न बघता घरी पाठवते का?”

डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या, “मला माफी नको. या बाईंच्या हातात पुन्हा ते काम आहे असं मला कळायला नको.” वहिनी त्या वेळी उभ्याच होत्या आणि ताई आपल्या टेबलावर पेन्सिलीला टोक काढत होती. टोक कधीच निघालं होतं. ती काढतच होती.

बुधवारी साहेबांनी दोघींना आत बोलावलं. पणाला काय लागलंय ते सगळ्यांना माहीत होतं. यादी घाईने काढली असं ठरलं तर वहिनींचे हक्क जाणार होते, आणि ते जायचे तर दुसऱ्या एकाच व्यक्तीकडे जाणार होते. मशीनने वेळा जपून ठेवल्या होत्या. दहा बावन्नला खातं चाचणीवर गेलं. अकरा अडतीसला यादीची कमांड. मधे काही नाही.

“ताई, खातं तुम्ही बदललंत?” साहेबांनी विचारलं.

“हो.”

“नियमाप्रमाणे चिठ्ठी लावलीत?”

“लावली.”

“वहिनी?”

“चिठ्ठी नव्हती,” वहिनी म्हणाल्या. “मी कोपरा बघितला. त्याशिवाय मी हात लावत नाही.”

“ताई, मग चिठ्ठी गेली कुठे?”

ताई साहेबांकडे बघत म्हणाली, “पडली असेल. पंखा असतो. नाहीतर दिसली नसेल.” आणि मग अगदी सावकाश म्हणाली, “घाई झाली असेल.”

वहिनी मला म्हणाल्या, नऊ वर्षं ते वाक्य तिने जपून ठेवलं होतं, धार लावून. पण त्या त्यावर काही म्हणायच्या आतच साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला. “वहिनी, चिठ्ठी असो नसो. मशीनला विचारायला किती वेळ लागतो?”

“सात सेकंद.”

“मग?”

“नाही विचारलं.”

“आणि ताई तुमच्यापासून दोन टेबलांवर बसतात. ‘दोन्ही हलवले का?’ हे विचारायला?”

वहिनींनी मान खाली घातली. ताईनेही घातली. साहेबांना सगळं माहीत होतं, तरी त्यांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, “मी लिफ्टची कंपनी चालवतो. तुमच्या घरचा जिना नाही.”

हक्क त्याच दिवशी ताईकडे गेले. वहिनींना बाहेरच्या खोलीत फोनवर बसवलं. जिथे लोक ‘लिफ्ट बंद आहे’ म्हणून फोन करतात आणि शिव्या देतात, ती जागा. डॉक्टरीणबाईंना पत्र गेलं की संबंधित व्यक्तीला कामावरून हटवण्यात आलं आहे. घरी त्या संध्याकाळी वरून सासूबाईंच्या हाती निरोप आला, “ती म्हणते, मोटर बंद करा.” तेवढाच.

इथवर गोष्ट सरळ आहे. चूक वहिनींची. त्याबद्दल त्या वादही घालत नाहीत. मी त्यांची बाजू घ्यायला गेले तेव्हा त्यांनी मलाच झापलं. “तू कशाला वकिली करतेस? सात सेकंद माझे. बाई फरशीवर बसली ती माझ्यामुळे. पुढचं ऐक.”

पुढचं असं. शुक्रवारी वहिनी आपलं सामान बाहेरच्या खोलीत न्यायला लागल्या. त्यांचा एक जुना चार्जर कोपऱ्यातल्या मशीनच्या मागे होता. तो ओढताना वायरींच्या गुंत्यातून एक पिवळी चिठ्ठी निघाली. ताईचं अक्षर. ‘चाचणी. १०.५०.’

सोमवारी संध्याकाळीच वहिनींनी बॅटरी घेऊन मशीनची मागची बाजू पाहिली होती. तेव्हा काही नव्हतं. निदान त्यांना दिसलं नव्हतं. वायरी उचलून पाहिल्या होत्या का? पाहिल्या होत्या असं वाटतं, पण शपथ घेता येणार नाही.

दुसरं कोणी असतं तर चिठ्ठी साहेबांपुढे आपटली असती किंवा फाडून टाकली असती. वहिनींनी ती घडी न घालता पाकिटात ठेवली आणि कामाला लागल्या. त्यांनी तशाच गठ्ठ्यातल्या दहा चिठ्ठ्या घेतल्या, सगळ्यांवर वेळ लिहिली आणि बाहेरच्या खोलीतल्या पडद्याच्या कोपऱ्यात एकेक लावून पंखा पाचवर सोडला. दर चिठ्ठीला पाऊण तास, कारण दहा पन्नास ते अकरा अडतीस म्हणजे साधारण तेवढाच वेळ. फोनवर लोक शिव्या देत होते आणि या घड्याळ बघत होत्या. दोन दिवसांत दहापैकी दोन पडल्या. म्हणजे पडू शकते. पण दोन्ही पुढे पडल्या, कीबोर्डवर. मागे एकही नाही.

मग गोंदाची पट्टी. सापडलेल्या चिठ्ठीच्या पट्टीला थोडी धूळ होती, अगदी बारीक. सोमवारपासून मागे पडलेल्या चिठ्ठीला एवढीच धूळ लागते का? वहिनींनी नवी चिठ्ठी मशीनमागे वायरींत टाकली आणि चार दिवस थांबल्या. पाचव्या दिवशी काढली. दोन्ही चिठ्ठ्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. कधी वाटायचं सारखी धूळ, कधी वाटायचं हिला कमी. नवऱ्याला दाखवल्या. तो वर्तमानपत्रावरून बघून म्हणाला, “दोन्ही पिवळ्या आहेत.”

“तुम्हाला विचारणं म्हणजे!”

“मग तिलाच विचार ना,” तो म्हणाला. नऊ वर्षांत घरातल्या कोणी एवढं सरळ काही बोललं नव्हतं. वहिनी त्याच्यावर इतक्या चिडल्या की त्याचा चहा त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

पण मुद्दा खरा होता. चिठ्ठी सोमवारी दहा पन्नासला लावलेली असली आणि वाऱ्याने पडलेली असली, तर ताई खरं बोलली होती आणि वहिनी नऊ वर्षं राहिल्या तशा खालच्या मजल्यावर आणखी राहू शकत होत्या. ती बुधवारनंतर लिहून वायरींत सारलेली असली, तर प्रकरण वेगळं होतं. आणि सोमवारी मुद्दाम लावलीच नसली, तर त्याहून वेगळं, कारण मग ज्या बाईने दारात उभं राहून ‘त्रास मी देणार’ म्हटलं होतं, तिने तो देण्यासाठी एका अनोळखी बाईला लिफ्टमध्ये बसवलं होतं. वहिनींना यातलं शेवटचं मनापासून खरं वाटत नाही. पण त्यांना आता ‘वाटतं’ या शब्दावर भरवसा ठेवायचा नव्हता.

त्याच्याही पुढच्या सोमवारी सकाळी दोघी एकाच वेळी ऑफिसला निघाल्या. ताई जिना उतरत होती, हातात स्कूटरची किल्ली. वहिनी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, पाकिटातून चिठ्ठी काढली आणि समोर धरली. सासूबाई मधल्या पायरीवर होत्या. त्या सवयीने म्हणाल्या, “काय सांगू तिला?”

“काही नका सांगू. मीच बोलते,” वहिनी म्हणाल्या. “ताई, ही चिठ्ठी तुम्ही त्या दिवशी आधी लावली होती, का मागाहून लिहिली?”

ताई थांबली. चिठ्ठीकडे तिने पाहिलंही नाही. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“नऊ वर्षांनी तोंड उघडलंस,” ती म्हणाली, “ते हे विचारायला?”

“आधी सांगा.”

“मी सांगितलं तर तुला पटेल?”

“पटेल. काहीही सांगा, पटेल.”

“खोटं,” ताई म्हणाली. “तू ते आधी पंख्याखाली धरून बघशील.”

म्हणजे बाहेरच्या खोलीतले पंख्याचे प्रयोग तिला कळले होते. ऑफिसात काय लपतं? सासूबाई म्हणाल्या, “अगं, हो की नाही एवढंच सांग की तिला,” तेव्हा ताई त्यांच्याकडे वळून, पूर्वीसारखीच म्हणाली, “आई, खालच्यांना सांगा, मला उशीर होतोय.” आणि वहिनींना खांदा घासून बाहेर पडली. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. वहिनी त्या दिवशी ऑफिसला चालत गेल्या आणि अर्धा तास उशिरा पोचल्या. फोनवरच्या पहिल्या माणसाने त्यांना ‘मेलात की काय सगळे’ असं विचारलं.

आता दोन महिने झाले. यादी ताई काढते. ती पहिली ओळ रोज टाइप करते, मोठ्याने वाचतेही. भिंतीवरचा नियम साहेबांनी उतरवला. आता साधनच प्रत्येक कमांडच्या आधी खात्याचं नाव दाखवेल असं त्यांनी करून घेतलंय. चिठ्ठ्यांचा गठ्ठा कोणी तरी फेकून दिला. वहिनी फोनवर आहेत आणि त्यांचं काम चोख आहे. कोणी लिफ्टमधून फोन केला तर माणूस बाहेर येईपर्यंत त्या लाइन सोडत नाहीत. फोन बंद पडला तर पाच मिनिटांत स्वतः पुन्हा लावतात. एकदा एक आजोबा म्हणाले, “बाई, मी केव्हाच बाहेर आलोय, जेवतोय. किती वेळा विचाराल?” वहिनी म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं नव्हतंत ना.”

पाकीट त्यांच्या पर्समध्ये आहे. मी परवा भेटले तेव्हा त्यांनी ते काढलं, दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि माझ्याकडे सरकवल्या.

“तू शिकलेली आहेस. तुझे डोळे ताजे आहेत,” त्या म्हणाल्या. “त्या जागेचं जाऊ दे, ती माझ्याच चुकीने गेली. मला एवढंच सांग. अकरा अडतीसला मी त्या कोपऱ्याकडे बघितलं, तोवर ही चिठ्ठी जगात होती का?”